बर्नहार्ड अनय गायधनी

॥ श्री ॥

नाशिक,
२८ नोव्हेंबर २०२४

चि. अनय यास,

अनेक आशीर्वाद. आशीर्वाद सवयीने लिहिले गेले, पुढचं मात्र नीट बसून वाच.

बाळ सत्तेचाळीस दिवसांनी दवाखान्यातून घरी आलं हे कळल्यावर मी देवापुढे साखर ठेवली आणि पत्रिकेसाठी तुझ्याकडे जन्मवेळ मागितली. तू आळशीपणाने आख्ख्या जन्मदाखल्याचा फोटो पाठवलास. मी चष्मा पुसून तीनदा वाचला. मग खालच्या मजल्यावरच्या ईश्वरीला बोलावलं, म्हटलं माझ्याच डोळ्यांत काही बिघाड असेल. त्या पोरीने खणखणीत आवाजात वाचलं, बर्नहार्ड अनय गायधनी. आणि वर फिदीफिदी हसली.

हा काय प्रकार आहे? आपल्या घराण्यात त्र्यंबक झाले, गोविंद झाले, एक भिकाजीसुद्धा होऊन गेले. हा बर्नहार्ड कुठल्या गल्लीतून आला? नुपूरच्या माहेरचा म्हणावा तर तेही पुण्याचे गोखले.

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा असतो, हे तुला शिकवायला हवं का? मी लग्न केलं नाही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांकडून संस्कृतची रूपं घोकून घेतली आणि निवृत्त झाले. या घरात माझ्या वाट्याला येणारा मान हा एवढाच. दोनदा तो हातात येता येता गेला. दोन्ही वेळा तुमचं मूल वाचलं नाही आणि त्यावर मी कधी चकार शब्द काढला नाही. तिसऱ्यांदा देवाने दिलं, तर तू दवाखान्याच्या खिडकीशी उभा राहून परस्पर नाव ठेवून मोकळा झालास. मला विचारायला तोंड नव्हतं का?

माझं नाव ठरलेलं आहे. चांगलं आहे, सुटसुटीत आहे, आणि बारशाआधी ते मी कुणाला सांगणार नाही. डिसेंबरात तिकडे आखातात यायचा बेत होता, तो मी थांबवला आहे. दाखल्यावरचं नाव बदल, मग बोलाव. आत्या नाही तर बारसं नाही, हे लक्षात असू दे.

फोन करू नकोस. फोनवर भांडण रंगात आलं की नेमकी तुझी कंपनीची बस येते. हाताने पत्र लिही आणि नेहमीसारखा त्याचा फोटो पाठव, ईश्वरी मला छापून देते.

कळावे. लोभ तूर्त फक्त बाळाकडे वळवला आहे.

तुझी,
ताई


अल वक्रा,
३ डिसेंबर २०२४

ती. स्व. ताईस,

अनयचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र बसमध्ये वाचलं. रास लफानच्या प्लांटवर पोचायला दीड-दोन तास लागतात, तेवढ्यात चार वेळा वाचून झालं. शेजारचा विचारत होता की घरी काही वाईट झालं का. मी म्हटलं, बहिणीचं पत्र आहे.

झालं ते सगळं सांगतो. नऊ ऑक्टोबरला मी ड्यूटीवर होतो. सकाळी अकराला फोन आला की नुपूरला दुपारी ऑपरेशनला घेणार आहेत. नऊ आठवडे आधी, ताई. फजलने गाडी काढली. फजल म्हणजे आमच्या कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस, रत्नागिरीचा, त्याच्याबद्दल मागे लिहिलं होतं. कपडे बदलायला वेळ नव्हता, अंगात कव्हरऑल होता, तुझ्या भाषेत डांगरी. तोही माझा नव्हता. माझा आदल्या दिवशी तेलाने भिजला म्हणून स्टोअरवाल्याने एक जुना दिला होता. कॉम्प्रेसर सुरू करून द्यायला कोणी जर्मन इंजिनिअर आला होता, तो जाताना टाकून गेलेला. छातीवर त्याचं नाव शिवलेलं.

बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं आणि एका बाईंनी मला फॉर्मसमोर बसवलं. नावाचा रकाना. मी त्यांना समजावलं की आमच्यात बारा दिवस नाव ठेवत नाहीत, आत्या ठेवते. बाई फार चांगल्या होत्या. पण म्हणाल्या की आज काहीतरी लिहिलंत तर तुमचंच पुढचं काम लवकर होईल. मला वाटलं, हे कच्चं काम असणार, प्लांटवर आम्ही परमिट आधी पेन्सिलने भरतो तसं. आपल्यातलं कुठलंही नाव लिहिलं असतं तर तुझा मान गेला असता. म्हणून मुद्दाम असं लिहायचं ठरवलं की जे कुणी आपलं म्हणणारच नाही. खाली मान घालून बसलो होतो, छातीवर जे दिसलं ते लिहिलं.

ते पेन्सिलचं निघालं नाही. छापील दाखला आला. त्यावरून पासपोर्ट, पासपोर्टवरून इथला रहिवासाचा परवाना, सगळ्याला मुदती. बाळ पेटीत, नुपूर दिवसभर त्या पेटीशी, मी ड्यूटी आणि दवाखाना. नावाशी भांडायला अंगात त्राणच नव्हतं. चूक झाली, कान पकडतो. जानेवारीच्या आत बदलून आणतो, इन्शाल्ला.

बाळ आता दोन किलो चारशे. दूध पिताना मध्येच थांबतो आणि विचार केल्यासारखा छताकडे बघतो. हे तुझ्याकडून आलंय. नुपूर झोपत नाही. रात्री उठून त्याच्या नाकाशी बोट धरते. तू नावासाठी अडून न बसता आलीस तर फार बरं होईल.

लोभाचं तोंड जरा इकडेही फिरवावं, ही विनंती.

तुझा,
अनय


॥ श्री ॥

नाशिक,
९ डिसेंबर २०२४

चि. अनय यास,

अ. आ.

पत्र पोचलं. कान पकडलेस ते ठीक, पण दोन्ही पकडायला हवे होतेस.

माझा मान राखायचा होता, म्हणून तू जर्मन माणसाच्या डांगरीवरचं नाव माझ्या भाच्याला दिलंस. वा रे वा! अरे, रकाना भरायचाच होता तर 'बाळ' लिहायचंस. बाळ अनय गायधनी. नाशकात बाळ नावाची सत्तर-सत्तर वर्षांची माणसं काठी टेकत हिंडतायत, कुणाचं काही अडलं नाही. एवढी साधी गोष्ट तुला सुचली नाही? शाळेत तर खोटं कारण सांगायला तुला अर्धं मिनिट लागत नसे.

ते नाव म्हणजे आहे तरी काय, म्हणून वाचनालयात गेले. तिथे आमचे श्यामराव असतात. ते पूर्वी कॉलेजात जर्मन शिकवायचे, आता पेन्शन आणि वर्तमानपत्र. त्यांना इतका आनंद झाला की ग्रंथपालबाईंना दोनदा खुणेने गप्प करावं लागलं. त्यांचं म्हणणं असं की हे फार जुनं नाव आहे, हजार-बाराशे वर्षांचं तरी. तिकडच्या जुन्या टोळ्या दोन शब्द घेऊन एकमेकांना जोडत आणि मुलाचं नाव करत. कधी अर्धं बापाच्या घराण्यातलं, अर्धं आईच्या. जोडून काही अर्थ निघालाच पाहिजे असाही आग्रह नसे. यातलं पहिलं म्हणजे अस्वल आणि दुसरं म्हणजे कठीण, टणक, शूर. म्हणजे माझा भाचा कोण, तर टणक अस्वल!

श्यामरावांच्या मते नाव भारदस्त आहे. मी त्यांना म्हटलं की मग तुमच्या नातवाला ठेवा. त्यावर त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

दोन किलो चारशेच्या जिवाला लोकं अस्वल म्हणून हाक मारणार, आणि तू म्हणतोस कच्चं काम वाटलं. माझं डोकं फिरलं आहे, अनय. सणसणीत फिरलं आहे. मी येईन ती नवा दाखला बघून. आणि माझ्या बाजूने नाव तयार आहे, उगाच मला दोष द्यायला जागा ठेवू नकोस.

नुपूरला म्हणावं अळीव खा, डिंक खा. झोप.

कळावे. लोभ मागायच्या आधी काम कर.

ताई


अल वक्रा,
२७ डिसेंबर २०२४

ती. स्व. ताईस,

सा. न. वि. वि.

आज शुक्रवार, सुट्टी. बाळ झोपलंय, म्हणून हे लिहायला मिळतंय. नाहीतर या महिन्यातल्या माझ्या सगळ्या सुट्ट्या तुझ्या नावाच्या पायी गेल्या. 'तुझ्या नावाच्या' लिहिलं ते जाणूनबुजून.

ऐक. दाखला देतात ती खिडकी म्हणते की बाळाच्या पासपोर्टवर जे नाव आहे तेच दाखल्यावर असायला हवं, आधी पासपोर्ट बदलून आणा. पासपोर्टची खिडकी म्हणते की दाखल्यावर जे होतं तेच आम्ही छापलं, आधी दाखला बदलून आणा. दोघंही बरोबर आहेत, हीच तर पंचाईत. चिडावं कुणावर? दोघंही हसून बोलतात. एकाने तर मला पाणी दिलं.

मग फजल म्हणाला की तिसरा रस्ता आहे, भारतात गॅझेटमध्ये नाव बदलायचं आणि तो कागद इकडे आणायचा. त्यासाठी प्रतिज्ञापत्र. मेट्रोने गेलो, मुशैरिबला उतरलो, तिथून चालत त्याच्या ओळखीच्या टायपिस्टकडे. टायपिस्ट केरळचा. त्याने नाव वाचलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा नाव वाचलं आणि विचारलं की मुलाची आई जर्मन आहे का. मी म्हटलं, कोथरूडची आहे. पुढे कारणाचा रकाना होता. नाव का बदलायचं आहे? फजल म्हणाला की धर्माचं कारण लिही, मी म्हटलं तसं नाही. तो म्हणाला की मग घरगुती लिही, टायपिस्ट म्हणाला घरगुती चालणार नाही. आत्या रागावली आहे, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही, ताई. शेवटी विचारलं, नवीन नाव काय? आणि मला ते माहीतच नाही! दोघेही माझ्याकडे बघत बसले. खलास. परत आलो.

आता तरी नाव कळव. बारशापर्यंत गुप्त ठेवायचं तर कागदावर काय लिहू मी, टिंब टिंब?

घरातही सुख नाही. फाईल एका जागी ठेवावी तर दुसऱ्या जागी सापडते. नुपूरला सोबत यायला सांगितलं तर कधी बाळाला सर्दी, कधी वारा आहे. आईची सही लागते, ती मागच्या आठवड्यापासून राहिली आहे. मी मध्ये उभा आहे आणि दोन्हीकडून ढकलला जातोय.

एक विचारतो, राग येऊ दे. तुला नाव हवंय की बाळ हवंय? अडीच महिन्यांचा झाला तो. अजून तू त्याला मांडीवर घेतलेलं नाहीस. अस्वल म्हण, दगड म्हण, पण ये तरी. का एवढी ताणतेस?

लोभ नसला तरी चालेल, विमानात बसावं.

अनय


॥ श्री ॥

नाशिक,
५ जानेवारी २०२५

चि. अनय यास,

अ. आ.

तुझ्या पत्रातला शेवटचा परिच्छेद मी ईश्वरीला वाचू दिला नाही. छापलेला कागद तिच्या हातून काढून घेतला. नाव हवंय की बाळ हवंय, असं तू मला विचारलंस. मला, अनय. चार दिवस मी तुला शिव्या दिल्या. भाजी चिरताना दिल्या, दळण आणताना दिल्या. पाचव्या दिवशी श्यामराव घरी आले.

त्यांना बिचाऱ्यांना काही माहीत नाही. माझं कुतूहल अजून शमलं नसेल अशा समजुतीने ते एक जाडजूड पुस्तक घेऊन आले होते. म्हणाले की अस्वलाबद्दल सांगायचं राहिलंच. आपल्याकडे संस्कृतात अस्वल म्हणजे ऋक्ष. जांबवंत तो ऋक्षराज, ते तुला ठाऊक आहे. ग्रीकांकडे, लॅटिनमध्ये त्याच घरातला शब्द आहे. एकच आजोळ सगळ्यांचं. फक्त त्या जर्मन टोळ्यांकडे तो शब्द नाही. होता, पण त्यांनी टाकून दिला. काही विद्वानांचं म्हणणं असं की ती माणसं रानात राहायची, त्यांना अस्वलाची इतकी दहशत होती की त्याचं खरं नाव घेतलं तर ते ऐकेल आणि दारात येईल असं वाटायचं. म्हणून ते नुसतं 'तपकिरी' म्हणायचे. तो तपकिरी. पिढ्यान्पिढ्या असं म्हणता म्हणता खरं नाव विसरलंच गेलं. सगळ्या विद्वानांना हे पटत नाही, हेही श्यामरावांनी प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांनी चहा घेतला आणि गेले.

मला मात्र पटलं. आपण वेगळं काय करतो? दिवेलागणीला सापाला साप म्हणत नाही, जनावर म्हणतो. बांगडी फुटली तर वाढवली म्हणतो. घरातून निघताना जातो म्हणालास तर आई तुझ्या पाठीत रट्टा घालायची, येतो म्हण म्हणून. भ्यालेली माणसं सगळीकडे सारखीच.

आणि मग मला तुझं 'बाळ' न लिहिणं आठवलं. आपल्यातलं कुठलंही नाव नको, कुणी आपलं म्हणणार नाही असं हवं, हे तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. मी रागाच्या भरात वाचलं आणि सोडून दिलं. मान राखायला माणूस असं करत नाही. हे घाबरलेल्या माणसाचं काम आहे. मी तीस वर्षं पोरांचे चेहरे वाचलेत, तुझं अक्षरही वाचता येतं मला.

तू मला खरं सांगितलेलं नाहीस. नुपूर सही का करत नाही? फाईल कोण हलवतं? माझ्यापासून काय लपवताय तुम्ही दोघं? मला राग येईल, वाईट वाटेल, ते माझं मी बघेन. पण असं दाराबाहेर उभं करू नका मला.

कळावे. खरं लिहिलंस तर लोभ वाढेल.

ताई


अल वक्रा,
१२ जानेवारी २०२५

ती. स्व. ताईंना,

नुपूरचा शि. सा. न.

अनयला लिहू नको म्हटलं, मीच लिहिते. मला तुमच्यासारखं नेटकं मराठी लिहिता येत नाही, सांभाळून घ्या. तीन दिवसांत हा चौथा कागद आहे.

अनय तुमच्याशी खोटं बोलला ते माझ्यामुळे. ऑपरेशनला नेताना मी त्याचा हात धरून सांगितलं होतं की नावाचं विचारलं तर आपल्यातलं काही सांगू नकोस. आणि ताईंनी ठरवलेलं तर मुळीच नको. हे मी बोलले, ताई. शुद्धीत बोलले. तो कव्हरऑल वगैरे सगळं खरं आहे, फक्त एवढं त्याने गाळलं. तुम्हाला कळलं तर तुम्ही मोडून पडाल असं तो म्हणाला, आणि मग खिडक्यांमागे धावत सुटला.

तुमचा काही दोष नाही. हे मला डोक्याने माहीत आहे. पण पहिल्या वेळी सहाव्या महिन्यात तुमचं दुपटं आलं होतं, त्यावर साखळी टाक्याने नाव भरलेलं. मुलगा आहे हे इथे आधी कळतं, आम्हीच तुम्हाला सांगितलं होतं. दुसऱ्या वेळी मुलीचं आलं, पिवळ्या कडेचं. तेव्हा मी ते हॉस्पिटलच्या बॅगेत घातलं होतं. ती बॅग मी जशी नेली तशी परत आणली. दोन्ही दुपटी माझ्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर आहेत. टाकवत नाहीत आणि बघवत नाहीत. ती नावं मी आजपर्यंत तोंडाने उच्चारलेली नाहीत. इथेही लिहीत नाही.

म्हणून या वेळी दिवस राहिल्याचं चार महिने तुम्हाला कळवलं नाही. कळवल्यावर रोज धास्ती वाटायची की आज कुरिअरवाला येईल. आला नाही. मला किती हायसं वाटलं, आणि त्याची किती लाज वाटली, काय सांगू.

आता या नावाचं. तुम्हाला ते हसण्यासारखं वाटतं, मलाही आधी वाटलं. पण त्या पेटीच्या काचेवर ते लिहिलेलं होतं. सिस्टर बदलायच्या, कोणी केरळच्या, कोणी फिलिपिन्सच्या, आणि प्रत्येक जण आल्या आल्या त्याला बर्नहार्ड म्हणून हाक मारायची. आज बर्नहार्डने तीन मिली दूध घेतलं. आज बर्नहार्ड नळीशिवाय अकरा मिनिटं राहिला. सत्तेचाळीस दिवस मी दुसरं काही वाचलं नाही. ते नाव जगलं, ताई. आमच्या घरी नाव जगलेलं मी पहिल्यांदा बघते आहे. ते खोडून त्या जागी दुसरं, कितीही सुंदर, लिहायला मला सही मागतात तेव्हा माझा हात चालत नाही. फाईल मीच हलवते.

तुमचा मान मी हिरावून घेतला, हे मला समजतं. तुमचं ठरलेलं नाव तुम्ही मनात किती जपलं असेल. माझ्यावर रागवा, अनयवर नको. आणि तरीही यायला जमलं तर या. मला इथे आपलं कुणी नाही.

तुमच्या लोभावर माझा हक्क उरला असेल तर तो ठेवावा.

तुमची,
नुपूर


॥ श्री ॥

नाशिक,
१७ जानेवारी २०२५

चि. सौ. नुपूर हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ईश्वरीला घरी पाठवून दिलं आणि दार लावून घेतलं. तुझा हा चौथा कागद म्हणतेस, मी सहा फाडले. आता जे लिहिते आहे ते अनयला वाचून दाखवायचं की नाही हे तू ठरव.

माझ्याकडे नाव नाही.

पहिल्या पत्रापासून मी ठणकावून सांगते आहे की नाव ठरलंय, तयार आहे, सुटसुटीत आहे. सपशेल खोटं. अनयने तुझी बातमी कळवली तेव्हा मी सवयीने कापड आणलं, पांढरं, मऊ. सुई ओवली आणि बसले. बसूनच राहिले. मनात एक नाव आलं की मी ते घाईघाईने झटकायची, दुसरं आलं की तेही. देवापुढे बसले तरी तेच. मी ज्या मुलाला नाव दिलं ते गेलं, दोनदा गेलं, हे तुला वाटलं त्याच्या आधीपासून मला वाटत होतं. कुरिअर आलं नाही ते म्हणून आलं नाही. संस्कृत शिकवलेली बाई मी, शकुन-अपशकुनावर वर्गात लेक्चर झोडायची. आणि स्वयंपाकघरात एकटी बसून स्वतःच्या जिभेला भीत होते.

मग तो दाखला आला. बर्नहार्ड! नुपूर, मला इतका संताप आला, इतका आला, की पहिल्यांदा जीव मोकळा झाला. आधीच्या दोन वेळी मी कुणावरही चिडू शकले नव्हते. या वेळी चिडायला मूल होतं, दाखला होता, वजन होतं दोन किलो चारशे. मी भांडत राहिले, कारण ज्याच्या नावावरून भांडायचं तो तिथे धडधडीत होता. अनय खरंच नवा दाखला घेऊन आला असता आणि नाव विचारलं असतं, तर मी काय सांगितलं असतं देव जाणे. त्या टायपिस्टकडे तो टिंब टिंब घेऊन उभा राहिला हे वाचून मी हसले नाही, मला घाम फुटला. आणि नाव हवंय की बाळ, असं त्याने विचारलं तेव्हा मी चार दिवस त्याला शिव्या दिल्या, कारण मी येत नव्हते ते नावासाठी नव्हतेच. माझी दृष्ट त्याला लागेल, अशी भीती होती. आता लिहिलं एकदाचं.

तू माझा मान हिरावलास म्हणतेस. तू मला वाचवलंस. सही करू नकोस. ती फाईल अनयला बंद करायला सांग, आणि फजलला माझा नमस्कार सांग. त्याचे बिचाऱ्याचे सगळे हेलपाटे फुकट गेले.

मी तीस जानेवारीला येते आहे, तिकीट काढलं. दोन तारखेला रविवार आहे, चांगला दिवस आहे. त्या दिवशी बारसं करू. घुगऱ्या मी करीन. मांडीवर घेऊन त्याच्या कानात मी बर्नहार्ड असंच सांगणार आहे, कुर्र करून, रीतसर. पाठीत धपाटे घालायला शेजारच्या बायका बोलावून ठेव. मल्याळी असोत की फिलिपिनो असोत, धपाटा सगळ्यांना घालता येतो. फक्त हळू, माझी पाठ धरली आहे.

एक काम मात्र बारशाच्या आधी करायचं आहे. मी आले की तू वरच्या फळीवरून ती दोन्ही दुपटी खाली काढ. आपण दोघी मिळून उलगडू. इतकी वर्षं तू ती एकटीने सांभाळलीस आणि मी इथे बसून त्यांचं पुढे काय झालं हे विचारायचंही धाडस केलं नाही. ती नावं मी भरली, पण कुणाच्या कानात सांगितली नाहीत. त्यांचीही मी आत्याच आहे. तुझ्याच्याने लिहवलं नाही, म्हणून मी लिहिते. तूही एकदा मोठ्याने वाच, मी तिथे येईपर्यंत थांबू नकोस.

कैवल्य.
ऋजुता.

कळावे. माझा लोभ तुम्हा पाचही जणांवर आहे.

तुमची,
ताई